तपासायचं कुणाला?

सकाळी खात्यात सगळ्यात आधी पोचणाऱ्या माणसाचं पहिलं काम म्हणजे शिशाच्या जाड भांड्यातल्या जनरेटरमधून टेक्नेशियम काढणं. आतल्या स्तंभावर मॉलिब्डेनम-९९ बसलेलं असतं, त्याचं अर्धायुष्य ६६ तासांचं. ते झिजता झिजता टेक्नेशियम-९९एम तयार होतं, आणि त्याचं अर्धायुष्य फक्त ६ तास. वरून सलाइन सोडलं की टेक्नेशियम धुऊन कुपीत उतरतं, मॉलिब्डेनम जागेवरच राहतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतं. न्यूक्लिअर मेडिसिनवाले या जनरेटरला सरळ गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणं. नवी गाय आली की दूध भरपूर, आठवड्याच्या शेवटी आटत आलेली.

केरीची एक तंत्रज्ञ हे काम गेली अनेक वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात करते. शिक्षण परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, १९६३ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत. केरी म्हणजे पेडण्यातली. गोव्यात सत्तरीतही केरी आहे आणि फोंड्यातही, त्यामुळे गोव्याबाहेरच नव्हे, गोव्यातसुद्धा तिला 'कुठली केरी?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथली, सुरूच्या बनाची, पलीकडे किल्ला दिसतो ती.

सकाळी आठच्या पेशंटसाठी भरलेली सिरिंज दुपारी दोन वाजता निम्म्या ताकदीची झालेली असते. पेशंट येवो न येवो, टेक्नेशियम थांबत नाही. म्हणून खात्यातल्या माणसांना वेळेबद्दल जरा जास्तच राग येतो, आणि आदल्या दिवशी फोनवर सूचना देताना त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होतो. चहा नको, कॉफी नको, चॉकलेट नको, कोला नको. अगदी डोकं दुखलं म्हणून सॅरिडॉनही नको, कारण तिच्यात कॅफिन असतं. एवढं सांगूनही सकाळी कुणीतरी भेटतंच. "चहा प्यायलात का?" "छे, तुम्ही सांगितलं होतं ना! फक्त अर्धा कप कॉफी."

हृदयावर ताण देऊन केल्या जाणाऱ्या या तपासणीला लोक अजून 'स्ट्रेस थॅलियम' म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तसंच लिहिलेलं असतं. थॅलियम-२०१ हे सत्तरच्या दशकातलं. त्याचं अर्धायुष्य ७३ तास, चित्र पुसट. १९९० मध्ये अमेरिकेत टेक्नेशियमला जोडलेल्या सेस्टामिबीला मान्यता मिळाली आणि हळूहळू थॅलियम मागे पडलं. सेस्टामिबीची कुपी टेक्नेशियम घालून उकळत्या पाण्यात ठेवायची, गार करायची, तपासायची, मग टोचायची. हे द्रव्य रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं आणि पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात अडकून बसतं. जिथे रक्त जास्त पोचलं तिथे जास्त, जिथे कमी पोचलं तिथे कमी. त्यामुळे पाऊण-एक तासाने कॅमेऱ्याखाली झोपवलं तरी चित्र येतं ते सुई टोचली त्या क्षणाचं. ट्रेडमिलवर धापा टाकत असतानाचं हृदय, आरामात झोपलेल्या माणसात दिसतं. इतक्या वर्षांनंतरही तिला या गोष्टीचं अप्रूप वाटतं.

मधला तास कंटाळ्याचा. सेस्टामिबी यकृतातून पित्तात उतरतं आणि आतड्यात चमकू लागतं. हृदयाची खालची भिंत त्या झगमगाटात हरवते. म्हणून दूध प्या, पाव-लोणी खा, पाणी प्या, फिरा. हृदयरोगाच्या तपासणीत लोणी खायला देतात हे पाहून पेशंट हमखास विनोद करतात. विनोद तोच असतो, पण हसावं लागतं.

हे सगळं कशासाठी, तर एका जुन्या निरीक्षणासाठी. अमेरिकेतल्या लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांच्या हृदयवाहिन्यांवर प्रयोग करून दाखवलं की माणूस स्वस्थ बसलेला असेल तर वाहिनी ८५ टक्क्यांपर्यंत आवळली तरी रक्तप्रवाह कमी होत नाही. पुढच्या बारीक वाहिन्या पसरून भागवून घेतात. पण हृदयाला जोराने काम करायला लावलं की निम्म्या आवळणीपासूनच कमतरता दिसू लागते. म्हणून विश्रांतीतला ईसीजी झकास असलेला माणूस देवळाची चढण चढताना छातीवर हात ठेवून थांबतो. ताण दिल्याशिवाय हृदय खरं बोलत नाही.

रांगेतल्या प्रत्येकाचा प्रश्न मात्र एकच असतो: "ब्लॉक किती आहेत?" या चाचणीत ब्लॉक दिसतच नाहीत. दिसतो तो स्नायू, आणि त्याला रक्त पुरतं की नाही एवढंच. डाव्या कप्प्याचे १७ भाग करून गोल नकाशा काढतात, मधोमध टोक, कडेला पाया. पिवळा-नारिंगी म्हणजे भरपूर, निळा-काळा म्हणजे कमी. दोन्ही चित्रांत काळं असेल तर तिथला स्नायू बहुधा मेलेला. ताणात काळं आणि विश्रांतीत पिवळं असेल तर जिवंत, पण उपाशी. दुसऱ्या प्रकारासाठीच ही सगळी यातायात.

ब्लॉक नव्हे, पण ब्लॉकचं सामान मोजणारी तपासणी समोरच्या सीटीच्या खोलीत होते, आणि गेल्या काही वर्षांत खरी गर्दी तिथे आहे. कॅल्शियम स्कोअर. ना उपाशीपोटी यायला हवं, ना सुई. छातीवर तीन चिकटपट्ट्या, एक दीर्घ श्वास, काही सेकंद, झालं. किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट. न्यूक्लिअर चाचणीत दोन्ही चित्रं मिळून तो त्याच्या सुमारे दहापट. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच, तेव्हा कॅल्शियमच्या स्कॅनला घाबरण्यासारखं काही नाही. इतकी सोपी असल्यामुळेच ती आरोग्य-तपासणीच्या पॅकेजमध्ये शिरली.

मोजण्याची रीत मायामीचे आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. (हेच ते अ‍ॅगॅट्स्टन, ज्यांचं 'साउथ बीच डाएट' पुढे भरपूर खपलं. त्या पैशापुढे स्कोअरची कीर्ती बापडी ठरली असावी.) हृदयवाहिनीवर १३० हाउन्सफील्डपेक्षा जास्त घनतेचा ठिपका दिसला की तो कॅल्शियम. ठिपक्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि त्यातल्या सर्वांत दाट बिंदूप्रमाणे १ ते ४ ने गुणायचं. ४ चौरस मिलिमीटरचा ठिपका, घनता ३२०, तर गुणक ३ आणि गुण १२. सगळ्या वाहिन्यांतल्या सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे स्कोअर. गणित चौथीच्या मुलाचं आहे.

आणि उपयोग खराच आहे. अमेरिकेतल्या सहा ठिकाणी २००० पासून चाललेल्या 'मेसा' या अभ्यासात आधी हृदयविकार नसलेले ६,८१४ स्त्री-पुरुष घेतले. त्यांच्यापैकी साधारण निम्म्यांचा स्कोअर शून्य होता. २००८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा ३०० च्या वर स्कोअर असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका शून्यवाल्यांच्या नऊ पटींहून जास्त निघाला. कोलेस्टेरॉलच्या एकट्या आकड्याला इतका फरक सहसा दाखवता येत नाही.

पण हा स्कोअर जखमेच्या खपल्या मोजतो. वाहिनीच्या भिंतीत चरबी साचते, सूज येते, भिंत ती जागा सांधायचा प्रयत्न करते, तेव्हा तिथे चुना बसतो. आज मऊ असलेला, उद्या फुटू शकणारा थर चुना धरलेला नसतो, म्हणून मोजणीत येत नाही. दुसरीकडे, ताणाची चाचणी प्रवाह मोजते. ३० टक्के आवळलेली वाहिनी प्रवाह अडवत नाही, मग ती चाचणीत साफ 'नॉर्मल'. आणि झटका अनेकदा अशाच न अडवणाऱ्या थराला चीर पडून, वर रक्ताची गुठळी धरून येतो.

या दोन चाचण्यांमधली फट एका माणसाच्या बाबतीत सगळ्या जगाने पाहिली. टिम रसर्ट, एनबीसी वाहिनीच्या 'मीट द प्रेस'चे सूत्रधार. १९९८ मध्ये कॅल्शियम स्कोअर २१०. औषधं चालू होती, व्यायाम चालू होता. २९ एप्रिल २००८ रोजी ताणाची चाचणी व्यवस्थित पार पडली. १३ जून २००८ रोजी कार्यालयात काम करता करता कोसळले आणि गेले. वय ५८. समोरच्या भिंतीवरून उतरणाऱ्या डाव्या शाखेतल्या थराला चीर पडली होती. स्कोअरने दहा वर्षं आधी सांगितलं होतं की या घरात सामान साठलंय. चाचणीने दीड महिना आधी सांगितलं होतं की रस्ता मोकळा आहे. दोघंही खरं बोलत होते. मराठी वाचकाला याच जातीचा धक्का त्याआधी, मे २००३ मध्ये बसला होता. हजारो हृदयं उघडून दुरुस्त करणारे डॉ. नितू मांडके स्वतः पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्या आठवड्यात दादर-पार्ल्यात किती जणांनी ईसीजी काढून घेतला असेल कोण जाणे.

असं काही घडलं की रांग वाढते. पण रांगेत कोण येतं?

केरीतल्या एका घराची गोष्ट ती नेहमी सांगते. घरात दोन पुरुष. पुतण्या चौतीस वर्षांचा, आखातात नोकरी, सुट्टीवर आला की कंपनीच्या पॅकेजमधून सगळ्या तपासण्या. त्यात कॅल्शियम स्कोअरही. आला शून्य. रिपोर्टचा फोटो वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात गेला, खाली अंगठे आणि लाल बदाम. रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्या या गड्याला आता सिगारेट सोडायचं कारणच उरलं नाही. वास्तविक चौतिसाव्या वर्षी शून्य येणं ही बातमीच नव्हे. त्या वयात बहुतेकांचं शून्यच येतं, कारण चुना धरायला वर्षं लागतात. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शून्य आलं तर कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिनची गोळी लांबवता येते असं म्हटलंय खरं, पण तिथेच अपवाद लिहिलेत: मधुमेह, घराण्यात लवकर आलेला हृदयविकार, आणि धूम्रपान. ते वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी टाकत नाही.

दुसरे त्याचे काका. आयुष्य फेरीबोटीवर गेलं, केरी ते तेरेखोल, तेरेखोल ते केरी. निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झालेली. मधुमेह जुना, गोळ्या आठवतील तेव्हा. धक्क्यावरून वर येताना छातीत दाटून यायचं, उभं राहिलं की जायचं. त्यांचं निदान ठरलेलं: "गॅस जाला रे, सोडो हाड." सोड्याची बाटली फोडून प्यायचे, तोवर दोन मिनिटं उभं राहणं झालेलं असायचं, दुखणं गेलेलं असायचं, आणि श्रेय सोड्याला मिळायचं. गोव्यात, कोकणात या एका गैरसमजाने किती माणसं गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

चवथीला गावी गेली असताना तिने हे ऐकलं. श्रम केले की येतं, थांबलं की जातं, एवढं ऐकल्यावर तिला पुढचं विचारायची गरज नव्हती. पुतण्या उत्साहाने म्हणाला, काकांचाही कॅल्शियम स्कोअर काढूया, माझ्याच लॅबमध्ये सवलत आहे. ती म्हणाली, "कशाला? शंभर आला काय, हजार आला काय, काकांना मधुमेह आहे, वय साठीपार आहे, गोळी लागणारच आहे. आणि दुखतंय कशामुळे ते स्कोअर सांगणार नाही." तिच्या मते कुठलीही तपासणी लिहून देण्याआधी एकच गोष्ट विचारावी: आकडा काहीही आला तर उद्यापासून काय वेगळं करणार आहोत? काहीच नाही, असं उत्तर असेल तर ते पैसे मासळीला वापरावेत.

काका कोकणकन्याने मुंबईला आले. सोबत पुतण्या. पहाटे दादरला उतरले आणि रात्रभराच्या प्रवासानंतर जे कोणीही करेल ते केलं: फलाटावर चहा घेतला. गुडघे खराब असल्यामुळे ट्रेडमिल शक्य नव्हती, अ‍ॅडेनोसिन देऊन ताण द्यायचं ठरलं होतं, आणि कॅफिन नेमकं अ‍ॅडेनोसिनचाच मार्ग अडवतं. चाचणी दुसऱ्या दिवसावर गेली. त्यांच्यासाठी राखलेलं टेक्नेशियम दुसऱ्या पेशंटच्या हाडांच्या स्कॅनला वापरलं. काका दिवसभर ओशाळल्यासारखे बसून होते. "बाय, एक कप चहाक इतलें?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

अ‍ॅडेनोसिन वाईट औषध नाही, पण त्याची सहा मिनिटं कुणाला आवडत नाहीत. चेहरा तापतो, छाती आवळते, श्वास अपुरा वाटतो. रक्तातलं त्याचं आयुष्य दहा सेकंदांहून कमी, त्यामुळे पंप बंद केला की मिनिटाभरात सगळं निवतं. तिसऱ्या मिनिटाला सेस्टामिबी टोचायचं. खोलीत डॉक्टर असतात, उतारा म्हणून अमिनोफायलिन भरलेलं असतं, दम्याच्या पेशंटला हे औषध देतच नाहीत. तंत्रज्ञाचं काम या सहा मिनिटांत बोलत राहण्याचं. ती काकांशी फेरीबद्दल बोलत राहिली: भरती-ओहोटीला धक्का कसा धरायचा, पावसाळ्यात नदीच्या मुखाशी बोट कशी ओढली जाते. चौथ्या मिनिटाला काकांनी उत्तरं देणं थांबवलं आणि छातीवर पंजा ठेवला. ईसीजीत रेघा खाली उतरल्या. पंप थांबला. थोड्या वेळाने रंग परतल्यावर ते म्हणाले, "कांय जावंक ना." आणि मग हळूच, "तोच गॅस."

चित्रं उघडली तेव्हा समोरची भिंत आणि टोक ताणात काळं, विश्रांतीत पिवळं. पण तिची नजर थांबली ती दुसऱ्याच गोष्टीवर. ताणानंतरच्या चित्रात डावा कप्पा विश्रांतीपेक्षा मोठा दिसत होता. नकाशा एकाच वाहिनीकडे बोट दाखवत असताना कप्पा असा फुगलेला दिसला तर शंका घ्यावी लागते की तिन्ही वाहिन्या आजारी आहेत. या चाचणीची ही जुनी खोड आहे: ती एका भागाची तुलना दुसऱ्या भागाशी करते. सगळेच भाग सारखे उपाशी असतील तर तुलनेला धट्टाकट्टा भागच उरत नाही आणि चित्र प्रत्यक्षापेक्षा बरं दिसतं.

या क्षणी तंत्रज्ञाने काही बोलायचं नसतं. रिपोर्ट डॉक्टरांचा. पेशंट मात्र रिपोर्टची वाट पाहत नाहीत, ते चेहरा वाचतात. स्कॅन संपवून बाहेर आलेल्या मुलीने चप्पल कशी घातली यावरूनही निष्कर्ष काढणारे नातेवाईक तिने पाहिलेत. म्हणून या खात्यातली माणसं सगळ्यांना एकाच सुरात सांगतात: "चित्रं छान आली आहेत." छान म्हणजे स्पष्ट. गावच्या माणसापुढे हे वाक्य म्हणताना तिची जीभ जड झाली होती, असं ती सांगते.

अँजिओग्राफीत तिन्ही वाहिन्या आवळलेल्या निघाल्या. मधुमेह आणि एकाहून जास्त वाहिन्या असतील तर स्टेंटपेक्षा बायपास बरी, हे १,९०० रुग्णांच्या 'फ्रीडम' चाचणीने २०१२ मध्ये दाखवलंय. काकांची बायपास गोव्यातच, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) झाली. चहा सुरू आहे, सोडा बंद आहे.

ही गोष्ट चांगली निघाली कारण काकांच्या दुखण्याने महिनोन्‌महिने आधी दार वाजवलं. सगळ्यांचं तसं होत नाही. 'इंटरहार्ट' हा ५२ देशांतला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आकड्यांवरून पुढे दिसलं की दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र साधारण ५९ व्या. केरीत मध्यरात्री असा झटका आला तर बांबोळी चाळीस किलोमीटरांहून दूर. तेरेखोलची स्थिती आणखी विचित्र: गाव गोव्याचं, पण नदीपलीकडे, सिंधुदुर्गाला चिकटलेलं. फेरी बंद असेल तर आपल्याच राज्यात यायला शेजारच्या राज्यातून वळसा.

इथे ना कॅल्शियम स्कोअर कामाचा, ना सेस्टामिबी. इथे लागतो बारा लीडचा साधा ईसीजी आणि तो लगेच वाचणारा माणूस. डिसेंबर २०१८ मध्ये गोवा सरकारने 'स्टेमी गोवा' प्रकल्प सुरू केला तो याचसाठी. जिल्हा रुग्णालयं आणि तालुक्यांतली केंद्रं बांबोळीच्या गोमेकॉला जोडली. केंद्रात काढलेला ईसीजी ट्रायकॉग या बंगळुरूच्या कंपनीकडे जातो, काही मिनिटांत वाचून परत येतो, आणि मोठा झटका असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज तिथल्या तिथे, मोफत टोचलं जातं. मग १०८ ची गाडी बांबोळीकडे. महागडं इंजेक्शन तालुक्याच्या फ्रीजमध्ये असणं, हे शहरातल्या दहा स्कॅनर्सपेक्षा केरीच्या माणसाला जवळचं. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आयुष्य घालवलेली बाई हे म्हणते, तेव्हा तिचे सहकारी जरा चपापतात. पण तिचा मुद्दा साधा आहे: छातीत दाटून आलं की सोडा मागवायचा नाही, केंद्रात जाऊन ईसीजी काढायचा, एवढं वाड्यावाड्यांवर पोचलं तर तिच्या खात्यातली रांगही योग्य माणसांची होईल.

मग स्कोअर कुणाचा काढावा? जो मध्ये अडकलाय त्याचा. त्रास नाही, वय पंचेचाळीस ते पासष्टच्या आसपास, कोलेस्टेरॉल ना चांगलं ना वाईट, गोळी घ्यावी की नाही यावर डॉक्टर आणि पेशंट दोघंही डळमळीत.

असाच एक तारवटी. वर्षातले आठ-नऊ महिने जहाजावर, प्रत्येक कराराआधी वैद्यकीय तपासणी. सत्तेचाळीस वर्षांचा, ट्रेडमिल उत्तम, एलडीएल जरा चढलेलं. स्टॅटिन दोन वर्षं टाळत आलेला, कारण 'एकदा सुरू केली की सुटत नाही'. त्याचा स्कोअर आला १८७. हा आकडा पाहून तो रडकुंडीला आला. "ब्लॉक कुठे आहे सांग, बलून घालूया, मला जहाज पकडायचंय." त्रास नसलेल्या माणसात १८७ ला बलून घालायला जागाच नसते. अगदी ताणाच्या चाचणीत मध्यम ते मोठी कमतरता दिसणाऱ्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या ५,१७९ रुग्णांवरच्या 'इस्किमिया' चाचणीतही आधी स्टेंट-बायपास केलेल्यांचे मृत्यू औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं तेवढं कमी झालं. २०१९ च्या शेवटी हे निकाल आले तेव्हा अनेक हृदयतज्ज्ञांची पंचाईत झाली होती. या गड्याला हवी होती ती रोज रात्री एक गोळी, आणि ती त्याने त्या दिवशी सुरू केली. आकड्याचं काम तिथे झालं.

पण आकडा लागला की चटक लागते. पुढच्या सुट्टीत त्याने कुणालाही न विचारता पुन्हा स्कॅन केला. २३१. "गोळी घेऊनही वाढला, म्हणजे गोळी खोटी!" स्टॅटिनने मऊ थर घट्ट होतात, त्यांत चुना धरतो, त्यामुळे स्कोअर वाढू शकतो आणि धोका मात्र कमी होतो. गोळी चालू असताना दरवर्षी स्कोअर काढणं म्हणजे विनाकारण स्वतःला भिववून घेणं. हे त्याला पटवायला तिला जहाजावरच्या गंजाची आणि रंगाची भाषा वापरावी लागली.

शेवटी त्याला टक्के हवे होते. पुढच्या दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता किती, कागदावर. तिने 'मेसा'चं गणकयंत्र उघडलं. वय, लिंग, स्कोअर, आणि मग वंश: गोरे, चिनी, आफ्रिकी अमेरिकन, हिस्पॅनिक. पाचवा पर्याय नाही. मेसात भारतीय माणसं नव्हतीच. ती उणीव भरून काढायला अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांवर 'मसाला' नावाचा अभ्यास सुरू झाला, पहिल्या तुकडीत ९०६ जण. त्यातल्या पुरुषांचं कॅल्शियम गोऱ्या पुरुषांइतकंच निघालं, चिनी, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक पुरुषांपेक्षा जास्त. पण ते सगळे शिकागोचे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातले, बहुतेक उच्चशिक्षित. फेरीवरचे काका, रापण ओढणारे, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवलेले कुणी त्यात नाहीत. तरी पुरुषांपुरतं त्यातल्या त्यात जवळचं म्हणून तिने 'गोरे' वर टिचकी मारली.

तारवटी खांद्यावरून वाकून पाहत होता. "एकसष्ट साली गोरे गेले म्हणतात," तो म्हणाला, "आणि आता तू मलाच गोरा केलंस?"

ती हसली आणि पुढच्या रकान्याकडे वळली. तिथे सिगारेटबद्दल विचारलं होतं.